गिरणीच्या नळावरची घागर

'बाईंचा आवाज वर्गात पोहोचत नाही.'

शाळेच्या शेरेबुकात माझ्याबद्दल लिहिलं गेलेलं हे पहिलं वाक्य. तपासणीला आलेल्या दिपोटी साहेबांनी ते निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलं आणि खाली सही ठोकली. मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. मी वीस वर्षांची होते. हेडगुरुजींनी वही माझ्यापुढे सरकवली, मी वाचलं, आणि माझी कानशिलं तापली. आवाज पोहोचत नव्हता हे खरं होतं. पण त्यात माझ्या गळ्याचा दोष नव्हता. दोष खिडकीबाहेर पंधरा पावलांवर होता, आणि साहेब शेरा लिहीत होते तेव्हाही तो बोंबलतच होता.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. जिल्हा परिषद नवीन, शाळेवरची पाटी नवीन, आणि गावातली पहिली नोकरी करणारी मुलगी म्हणून मीही नवीनच. आमचं गाव चिखली-खामगाव रस्त्यापासून आत, उंद्री आणि अमडापूरच्या मधे. घरी भाजीपाल्याचा मळा. वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. बाबा अमडापूरच्या बाजारात दुकान मांडायचे. ते अतिशय कमी बोलायचे. शेजारचे भाजीवाले ओरडून गिऱ्हाईक बोलवायचे आणि बाबा नुसते मेथीवर पाणी शिंपडत बसायचे.

मी बुलढाण्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेले त्या वर्षी गावात पिठाची गिरणी आली. चाळीस एकरांचा धनी असलेल्या एका शेतकऱ्यानं ती घातली. मी त्यांना काकाजी म्हणायची, गावातली माझ्या वयाची सगळीच म्हणायची. खामगावहून बैलगाडीत इंजिन आणलं, तेव्हा बायांनी गाडीपुढे नारळ फोडला असं आई सांगायची. ते मला पटतं. त्याआधी घरोघरी पहाटे चार वाजता जातं सुरू व्हायचं. मी आठ वर्षांची असल्यापासून आईसमोर बसून खुंटा ओढला होता. आईचा उजवा खांदा त्यातच गेला. तिला डोक्यामागे हात नेऊन वेणी घालता येत नसे. गिरणी आली आणि आईनं जात्याचा वरचा दगड अंगणात नेऊन टाकला. त्याला ती शेळी बांधायची.

हे आधी सांगते, कारण पुढे लोक म्हणाले की मी गिरणीच्या विरोधात होते. मी कधीच नव्हते.

गिरणीची मागची भिंत आणि माझ्या पहिलीच्या वर्गाची खिडकी यांच्यामधे एक बोळ होता. इंजिनाच्या धुराचा नळ त्या बोळात निघायचा. पहिल्यांदा नुसतं इंजिन चालायचं, फक् फक् फक् फक्, आणि त्याची मुलांना सवय झाली होती. मग शेजारच्या गावात दुसरी गिरणी निघाली. तिथल्या मालकानं नळाच्या तोंडावर डबा बसवला होता आणि तिचा आवाज शिवारभर जायचा. बाया आवाज ऐकून दळण उचलायच्या, कारण इंजिन बिघडलं असलं तर पायपीट फुकट. आमच्या काकाजींना ते झोंबलं. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी तळ फोडलेली एक पितळी घागर नळावर उलटी बसवून तारेनं आवळली.

सुट्टीनंतर शाळा भरली त्या दिवशी मी फळ्यावर 'अ' काढला आणि मागून कुणीतरी लोखंडी पहारीनं रिकामा हौद बडवावा तसा आवाज सुरू झाला. कुकांग, कुकांग, कुकांग. खिडकीचे गज थरथरत होते. पहिल्या दिवशी मुलं हसली, नाचली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कानात बोटं घातली. आठवड्याभरानं ती काहीच करेनाशी झाली, आणि मला त्याचीच भीती वाटली.

गिरणी दहाला सुरू व्हायची, शाळा अकराला. पाच वाजता दोन्ही बंद. मी ओरडून शिकवायची. मुलं माझ्या तोंडाकडे बघून शब्द ओळखायची. फळ्याकडे वळले की वर्ग संपला. दुपारपर्यंत घसा बसायचा. आई संध्याकाळी हळद-गूळ कढवून द्यायची आणि म्हणायची, "एवढं काऊन वरडतं वं? लेकरं काय बयरे हायेत का?"

माघात दिपोटी साहेब आले. त्यांनी स्वतः शुद्धलेखन घातलं. 'बैल' म्हणाले. अर्ध्या पाट्यांवर 'पैल'. 'घर' म्हणाले, तर 'खर', 'गर', आणि एकानं 'मर' लिहिलं. साहेबांनी पाटी उचलून मला दाखवली. मी खिडकीकडे बोट दाखवून म्हटलं, "साहेब, ती घागर..." साहेब म्हणाले, "काय म्हणालात?" मी पुन्हा म्हटलं. त्यांना पुन्हा ऐकू गेलं नाही. मग ते ऑफिसच्या खोलीत गेले, ती दुसऱ्या टोकाला होती आणि तिथे जरा शांत होतं, आणि तिथे बसून त्यांनी शेरा लिहिला.

"मनाला लावून घेऊ नका," हेडगुरुजी म्हणाले. ते भले गृहस्थ होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. "पुढच्या तपासणीला गिरणी बंद ठेवायला सांगू."

"आणि रोज?" मी विचारलं.

त्यांनी वही कपाटात ठेवली.

त्याच संध्याकाळी शाळा सुटायच्या आधी मुलांना गाणी म्हणायला लावून मी गिरणीवर गेले. काकाजी पडवीत बाजेवर बसले होते. आत पट्टा फिरत होता, दळणाची रांग लागली होती.

"काकाजी, घागर काढा."

"काय म्हनतं?"

"घागर! नळावरची!"

"चहा? सांगतो ना. बस."

शेवटी बोलण्यासाठी आम्हाला त्यांच्या गोठ्यामागे जावं लागलं. तुमच्याच गिरणीसमोर तुम्हाला बोलता येत नाही, हे मी त्यांच्या ध्यानात आणून दिलं. ते त्यांना आवडलं नाही. तरी ते समजुतीनंच बोलले.

"हे पाय पोरी, तू शिकली, मास्तरीन झाली, गावाचं नाव झालं. पन गिरणी बोलली पायजे. तिकडची बोलते अन् माही मुकी राह्यली, तं बाया तिकडेच जातीन ना."

"शाळेच्या टायमापुरती काढा. अकरा ते पाच."

"गिरणीनं का शाळेत नाव घातलं हाय का?"

"घातल्यासारखंच हाय, काकाजी. माह्या वर्गात सगळ्यात मोठ्यानं तेच बोलते."

ते हसले. मग हसू ओसरलं. "घागर निघनार नाही," म्हणाले, आणि वळून बाजेकडे गेले.

मी ग्रामपंचायतीला अर्ज दिला. काकाजी पंचायतीचे सभासद होते, सरपंच त्यांचे सोयरे. अर्जाचं काही झालं नाही, म्हणून मी ग्रामसभेला गेले. तोवर ग्रामसभेला कुणी बाई गेलेली नव्हती. चावडीवर सगळे पुरुष सतरंजीवर बसलेले, मी दाराशी उभी. सरपंचांनी दोनदा माझ्यावरून नजर फिरवली. तिसऱ्यांदा मी बोलायला लागले. पहिलीत किती मुलं आहेत, त्यांना काय ऐकू येतं, काय येत नाही, ते सांगितलं. गिरणी हवी, घागर नको, हेही सांगितलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "बाईचे कान नाजूक हायेत. कापूस द्या थोडासा!"

चावडी हसली. मी म्हटलं, "कापूस मला नको. तुमच्या लेकरांच्या कानांतून काढता येतो का ते पाहा."

तेव्हा काकाजी उठले. आवाज न चढवता बोलले. "ज्याले माह्या गिरणीचा आवाज सोसत नाही, त्यानं माह्या गिरणीचं पीठ खाऊ नाही."

यावर कुणी हसलं नाही. बाबा सतरंजीच्या कडेला बसले होते. त्यांनी फक्त पागोटं सारखं केलं.

दुसऱ्या दिवशी आई ज्वारीची टोपली घेऊन गिरणीवर गेली आणि तशीच भरलेली टोपली घेऊन परत आली. दळून देणाऱ्या माणसानं तिच्याकडे न बघता टोपली बाजूला सारली होती. तो आधी खामगावच्या गिरण्यांत वर्षानुवर्षं इंजिनाजवळ राहून अर्धा बहिरा झालेला, भुवयांवर सदा पीठ. वाईट माणूस नव्हता. मालकाचा हुकूम होता.

आईनं टोपली ओट्यावर आदळली. "झालं तुह्या मनासारखं?"

 दुसरी गिरणी अडीच कोसांवर. बाबांनी शेळी सोडून दुसरीकडे बांधली. जात्याचा दगड आत आणला, छिन्नी घेऊन त्याला टाके घातले. त्यांनी मला एक शब्द विचारला नाही की सुनावला नाही.

पहाटे चारला मी जात्यावर बसले. दोन-तीन वर्षांत हात मऊ पडले होते. दुसऱ्याच दिवशी तळव्यांना फोड आले. त्या साली रेशनवर मिलो, अमेरिकेची तांबडी ज्वारी, मिळायची. ती जात्यात अशी बसायची की दगड हलता हलत नसे. तिसऱ्या दिवशी आई येऊन समोर बसली आणि तिनं डाव्या हातानं खुंटा धरला.

"तू नको," मी म्हटलं. "तुझा खांदा."

"खांदा उजवा हाय." थोडा वेळ दोघींनी ओढलं. मग ती म्हणाली, "त्या इंजनाले नावं ठेवत जाऊ नोको. ते पह्यल्यांदा सुरू झालं त्या दिवशी मी रडली व्हती. मालूम हाय का तुले?"

"मी इंजनाले नावं ठेवत नाही. घागरीले ठेवते."

"आमाले एकच ते."

"एकच नाही, आई. इंजन दळते. घागर नुसती वरडते."

 उत्तर पटलं की आई कधी तसं सांगायची नाही, विषय बदलायची. तिनं त्या दिवशी विषय बदलला नाही, गप्प बसली, म्हणजे अजून पटलं नव्हतं.

असे तीन आठवडे गेले. मी पहाटे दळायची, दिवसा ओरडायची. माफी मागितली तर सगळं सुरळीत होईल असा निरोप दोनदा आला. मी दोनदा नाही म्हटलं. खरं सांगायचं तर तिसऱ्या आठवड्यात मी फार थकले होते. एका दुपारी हजेरी घेताना माझ्या तोंडून शब्दच निघाला नाही. ओठ हलत होते, आणि मुलं ओठांकडे बघून 'हजर' म्हणत होती. त्यांना फरकच पडला नव्हता. मी हजेरीपट मिटला.

"पाट्या घ्या," मी हातानं खूण केली. "चला."

बोळातून वळसा घालून मी आख्खी पहिली गिरणीच्या अंगणात नेली. दुपारची वेळ, दळणाची मोठी रांग. तीसेक बाया टोपल्या पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. त्यातल्या कित्येक माझ्या मुलांच्या आया, आज्या. मी मुलांना त्यांच्यासमोर ओळीत बसवलं. काकाजी त्या दिवशी चिखलीला गेले होते. ते असते तरी मी नेलीच असती.

बायांना वाचता येत नव्हतं. म्हणून शब्द लिहायला सांगून उपयोग नव्हता. मी मुलांना चित्र काढायला सांगितलं. तोंडापुढे पदर धरला, म्हणजे ओठ दिसू नयेत, आणि असेल नसेल तेवढ्या आवाजानं एक शब्द म्हटला. "बोर!"

मुलांनी चित्रं काढली. मग मी पाट्या बायांकडे वळवायला सांगितल्या.

एका पाटीवर मोर होता, पिसारा फुलवलेला. एकीवर ढोर, शिंगांसकट. एकानं दोर काढला होता. एकानं भल्या मोठ्या मिशांचा चोर. एका मुलीची पाटी कोरी होती. ती अजून माझ्या पदराकडे बघत होती.

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "वं बाई, माह्या पोट्ट्यानं तं चोर काढला!" एक जण माझ्याजवळच ओरडली. मी त्यांना हसू दिलं. मग मोर काढलेल्या मुलाला जवळ घेतलं आणि त्याच्या कानाशी लागून, साध्या आवाजात, तोच शब्द म्हटला. त्यानं तळहातानं मोर पुसला, एक गोल काढला आणि गोलाला देठ काढला. मी पाटी पुन्हा बायांना दाखवली. चोर काढणाऱ्याला जवळ घेतलं. त्यानंही बोर काढलं. कोऱ्या पाटीच्या मुलीनं तर बोरांची आख्खी फांदी काढली, काट्यांसकट.

हसणं थांबलं होतं. रांगेत पुढेच एक म्हातारी बसली होती. नातवाला एकटीच सांभाळायची, मजुरी करायची, शेरभर ज्वारी घेऊन यायची. ती उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या कानात ओरडली, "लेकरं रोज असेच ऐकतात?"

मी मान हलवली.

"अन् मी समजली का माह्या नातवाचं डोस्कंच जाड हाय! मी मारलं वं त्याले त्याच्यापायी. दोनदा मारलं."

ती तरातरा गिरणीच्या दारात गेली. दळणाऱ्याला तिनं हातवारे करून घागर काढायला सांगितलं. त्यानं मालकाच्या घराकडे बोट दाखवलं. तिनं त्याला एक शिवी दिली. ती शिवी कुणाला ऐकू आली नाही, पण सगळ्यांना कळली.

पुढे जे झालं ते मी ठरवून केलं असं सांगितलं तर खोटं होईल. मी एक रिकामं पोतं उचललं, इंजिनाच्या पाण्याच्या हौदात बुडवलं आणि बोळात गेले. नळाखाली डिझेलचं रिकामं पिंप पडलं होतं. म्हातारीनं ते धरलं. मी लुगड्याचा काचा मारून वर चढले. तिथे आवाज कानात शिरत नव्हता, छातीत शिरत होता. तार सोडवायला वेळ लागला. पोत्याची वाफ व्हायला लागली. घागर सुटली तेव्हा मनगटाच्या वर, आतल्या बाजूला चटका बसला. मी ओरडले असेन. मग घागर खाली आदळली, दोन गिरक्या घेऊन भिंतीला टेकली.

फक् फक् फक् फक्. इंजिन चालूच होतं. आत पट्टा सपसप करत होता, जातं घरघरत होतं, दळण पडतच होतं. पण मला पिंपावर उभी असताना रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या बैलाचा घुंगरू ऐकू आला. गेल्या दिवाळीपासून मी शाळेत तो ऐकला नव्हता.

दळणारा माणूस मागच्या दारात येऊन उभा होता. त्यानं सगळं पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, घागरीकडे पाहिलं, आणि पाठ फिरवून आत गेला. मालकानं संध्याकाळी त्याला फैलावर घेतलं, एवढा राडा होऊन तू बाहेर कसा आला नाहीस म्हणून. तो म्हणाला, "मले काही ऐकूच नाही आलं, भाऊ."

दुसऱ्या दिवशी काकाजी वर्गात आले. चपला बाहेर काढून आले, हे मी विसरलेले नाही. हातावर मी खोबरेल लावून फडकं बांधलं होतं.

"माह्या वस्तूले हात लावला तू."

"हो, लावला."

"चुकलं म्हन. लेकरांसमोर म्हन. मी विसरतो."

वर्ग आमच्याकडे बघत होता. इंजिन नुसतं चालत होतं, म्हणून प्रत्येक शब्द शेवटच्या ओळीपर्यंत जात होता. मी म्हटलं, "काकाजी, घागरीले पोचा पडला असंन तं कासाराकडून ठोकून देते. पण चुकलं म्हनत नाही."

ते दाराकडे वळले. मग म्हणाले, "तुही बदली होईन पाय," आणि गेले.

तासाभरात घागर पुन्हा नळावर चढली. कुकांग, कुकांग. मुलांनी खांदे पाडले. मी खडू उचलला. आता काय करायचं ते मला सुचत नव्हतं. पुन्हा चढायचं बळ हातात नव्हतं.

दुपारी आवाज एकदम बंद झाला.

घागरीचाच नाही, इंजिनाचाही. सबंध बोळ गप्प. मुलं घाबरली. पुढच्या ओळीतल्या एकानं विचारलं, "बाई, काय झालं?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." अर्ध्या घटकेनं इंजिन पुन्हा सुरू झालं. फक् फक् फक् फक्. घागर नव्हती. खिडकीतून पाहिलं तर नळाचं तोंड मोकळं.

संध्याकाळी घरी गेले. परातीत ज्वारीचं पीठ होतं, अजून कोमट. आई भाकरी थापत होती.

"दळण दिलं त्यानं?"

"त्याच्या बापानं देल्लं असतं," आई म्हणाली.

बाकी मला शेजारणीकडून कळलं. आई ज्वारी घेऊन गेली होती. रांगेत बसली नाही, टोपली डोक्यावर घेऊन पडवीसमोर उभी राहिली. काकाजींनी बसायची खूण केली. ती ओरडून म्हणाली, घागर उतरल्याशिवाय टोपली उतरत नाही. टोपली तिनं त्याच उजव्या हातानं धरली होती म्हणे. मग ती म्हातारी उठली आणि तिनं आपली शेरभर ज्वारी डोक्यावर घेतली. मग एकेक करून सगळ्या. पडवीसमोर बाया टोपल्या डोक्यावर घेऊन उभ्या, कुणी बोलेना, आणि जात्यात दळण पडेना. रिकामं जातं फिरवलं तर दगड खराब होतात, म्हणून दळणाऱ्यानं इंजिन बंद केलं. काकाजींनी वाट पाहिली. बायांनीही पाहिली. शेवटी ते म्हणाले, "शाळेपुरती काढतो." आई म्हणाली, "शाळेपुरतंच मांगतलं व्हतं पोरीनं."

मी आईला विचारलं, "तू तर म्हणत होतीस, एकच ते."

"भाकर खाय," ती म्हणाली. "थंडी होते."

तेव्हापासून घागर सकाळी शाळा भरेपर्यंत तेवढी वाजायची. रविवारी दिवसभर. मला ते मान्य होतं. मला अकरा ते पाचच हवे होते.

पण काकाजींचा शब्दही खोटा झाला नाही. परीक्षा संपल्यावर माझा बदलीचा कागद आला. साखरखेर्डा. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जालन्याच्या बाजूला. तिथे आमच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. लग्न न झालेली मुलगी परगावी खोली करून एकटी राहील, ही गोष्ट तेव्हा आमच्या नात्यात कुणी ऐकलेली नव्हती. मामा येऊन बसले, आता नोकरी सोडून द्यावी म्हणाले. हेडगुरुजी घरी आले. त्यांनी कागद-दौत सोबतच आणली होती.

"दोन ओळी लिहा बाई. झाल्या गोष्टीबद्दल दिलगीर आहे, एवढंच. बदली थांबते. मी बोललो आहे पंचायत समितीत."

मी कागद घेतला. लिहिलं, 'घागर उतरवल्याबद्दल मी दिलगीर नाही. ती तापलेली होती एवढंच वाईट वाटतं.' गुरुजींनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. तो कागद त्यांनी पुढे पाठवला नाही. घडी करून खिशात घातला. मी मात्र ट्रंक भरायला घेतली.

मामा अजून बोलत होते. गावात लोक काय म्हणतील, असं म्हणत होते. बाबा इतका वेळ ओसरीवर बसून दोर वळत होते. त्यांनी दोर बाजूला ठेवला.

"लोकाईले म्हनू दे," ते म्हणाले. "पोरगी जाईन." माझ्या आठवणीत बाबा एवढं मोठ्यानं पहिल्यांदाच बोलले. 

बाबांनीच मला साखरखेर्ड्याला पोचवलं. दोन मोटारी बदलून गेलो. त्यांनी खोली पाहिली, दाराची कडी तीनदा लावून काढून पाहिली, पिण्याच्या पाण्याचा माठ भरला आणि परतीच्या मोटारीला गेले.

पहिल्या दिवशी नव्या शाळेचे हेडमास्तर मला म्हणाले, "तुमचं नाव आमच्यापर्यंत आलंय बाई. इथं शांततेत राहायचं, काय? काही भानगड नको."

"मलाही शांतताच पाहिजे," मी म्हटलं.

तेवढ्यात बाहेर खरखर झाली आणि बाजारभाव सुरू झाले. शाळेच्या आवाराला लागून ग्रामपंचायत होती. तिच्या खांबावर सरकारी रेडिओचा भोंगा बसवलेला, तोंड थेट वर्गांकडे. बातम्या, बाजारभाव, शेतीच्या गप्पा, मधे कीर्तन. हेडमास्तर आवाज चढवून मला वर्गांची माहिती देत होते, आणि आपण आवाज चढवतोय हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

मी त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग विचारलं, "सर, हा भोंगा शाळेच्या वेळात बंद असतो की चालू?"

त्यांनी भोंग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

भोंगा बंद व्हायला दोन महिने लागले.